उत्तरेच्या भिंतीतला फोम

सकाळपासून हाल्वोर शीळ घालत होता. पंचेचाळिशीचा घोडा झाला, पण काही लपवायचं असलं की याच्या तोंडून शीळ निघायचीच. ही खोड त्याच्या आईला, रान्वेगबाईला, तो रांगत होता तेव्हापासूनची ठाऊक. आणि नेमकी आजच वारसा खात्याची बाई घर तपासायला यायची होती.

खोऱ्यात नवा रस्ता यायचा होता, तो थेट यांच्या अंगणातून. ओंडक्यांचं हे जुनं शेतघर वारसा म्हणून नोंदलं गेलं, तरच रस्ता नदीपलीकडे सरकणार. नाही तर घर जाणार सरपणात. गेले चार महिने रान्वेगबाईच्या पोटात या भीतीने घर केलं होतं, आणि ती कुणाला सांगायची तिची जात नव्हती.

वारसा खात्याच्या तुरिदबाई आल्या. कॉफी घेतली, तपकिरी चीज वाखाणलं, मग लाकडी हातोडी काढून उत्तरेच्या भिंतीपाशी उकिडव्या बसल्या. सर्वांत खालच्या ओंडक्यावर त्यांनी टोला मारला.

ढप्प.

हाल्वोरची शीळ थांबली.

दुसरा ओंडका. ढप्प. तिसरा. ढप्प.  निरोगी लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं ढप्प, हे रान्वेगबाईला सासऱ्याने शिकवलं होतं. तुरिदबाईंनी पटाशीने ओंडक्यांमधली फट खरवडली, तर वर मारलेल्या लाखेखालून पिवळा फोम निघाला, आणि फोममागून पाणी.

"हा कुणी भरला?"

"मी," हाल्वोर बुटांकडे बघत म्हणाला. "आई कंबर मोडून दवाखान्यात होती ना, त्या हिवाळ्यात. वरून लाखही मारली. चकाचक दिसत होतं!"

"चकाचक! अरे, मढ्याला पावडर लावली तरी ते चकाचक दिसतं!" रान्वेगबाई कडाडली. "फटीत रानातलं सुकं शेवाळ कोंबतात, शेवाळ! ते ओल पितं, वारा लागला की सोडतं. तुझ्या आज्याला हे कळत होतं, आणि त्याला धड सहीसुद्धा करता येत नव्हती."

"खालचे तीन बदलता येतील," तुरिदबाई म्हणाल्या. "जुनी माणसंही कुजलेले ओंडके बदलायचीच. पण चौथ्यावर बांधणाऱ्याची खूण आणि साल कोरलेलं आहे. तो कुजला असेल, तर मला नोंद करता येणार नाही."

चौथा ओंडका रान्वेगबाईच्या कमरेच्या उंचीला होता. त्यावरचे आकडे तिने नवी नवरी असताना बोटाने गिरवले होते. तिने भिंतीला पाठ केली. बघायचं नव्हतं, पण कान काही मिटता येईनात.

टण.

मधोमध. टण.

कोपऱ्यात. ढप्प.

 मागे पटाशीचा खरखराट चालू झाला, किती वेळ चालला कोण जाणे. लाखेचा पापुद्रा खाली पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा हातोडी.

टण.

"वरवरच भिजलाय," तुरिदबाई म्हणाल्या. "पण फोम आहे तोवर ओल आत शिरतच राहणार. हिवाळ्याआधी सगळा काढा. घर जॅकवर उचलून नवे ओंडके घाला, कुऱ्हाडीने तासलेले, शेवाळ भरून. मी पाहायला येईन, तेव्हाच सही."

बाईंची गाडी वळणाआड गेली. घर जॅकवर! एक पाचर निसटली तर सगळा डोलारा खाली. तरी रान्वेगबाईने आवाज ताठ ठेवला.

"कुणी सांगितलं होतं रे तुला हे उद्योग करायला?"

"तूच," हाल्वोर कळवळून म्हणाला. "रोज म्हणायचीस, उत्तरेकडून वारा येतो, माझी हाडं गारठतात. वाटलं, घरी परत आलीस की उबेत निजशील."

 रान्वेगबाई त्याच्या कोटावर पडलेला पिवळा चुरा हाताने झटकत म्हणाली, "हाल्वोर, तू मनाने सोनं आहेस आणि डोक्याने भोपळा. कुरकुर करणं हा माझा धंदा आहे, बाबा. ती ऐकून भिंती बुजवणं हा तुझा नाही."