वर्षाआडचा विषय

“डिसेंबरात पदवी?” प्रोफेसर हॅस्केल यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “मेमध्ये मिळतेच आहे ना? एवढी कसली घाई?”

सोलांजने वेळापत्रकाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. खरं कारण इथे, या खुर्चीत बसून, सांगण्यासारखं नव्हतं.

“हे बघ, तीन वर्षं आपण दोघांनी बसून हे सगळं जुळवलंय. कुठला विषय कधी, प्रवेश परीक्षा कधी, अर्ज कधी. अर्ज जूनमध्ये गेला. आता या सत्रात बायोकेमिस्ट्री, पुढच्या सत्रात उरलेलं भौतिकशास्त्र, की झालं. तू सगळं एकाच सत्रात कोंबलंस आणि कशात घसरलीस तर डेंटल कॉलेजवाले विचारणार. दात बघणारी माणसं ती, फट बरोबर दिसते त्यांना.”

ती कसंनुसं हसली.

“बरं, भौतिकशास्त्र आत्ताच घ्यायचं तर घे. झेपलं नाही तर सोडून दे. बायोकेमिस्ट्रीला मात्र हात लावू नकोस. आपलं कॉलेज लहान, तो विषय एक वर्षाआड शिकवतात. आत्ता सुटला तर पदवी दोन वर्षं पुढे आणि हा अर्ज पाण्यात.”

तिने भौतिकशास्त्र घेतलं. वेळापत्रकात आता जेवायलासुद्धा जागा नव्हती. पण पदवी मेवरून डिसेंबरात आली होती, आणि तिला तेवढंच हवं होतं.

त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी, ती घरी गेली होती, वर नदीकाठच्या गावाला. आई, फर्नांद, मोरीकडे तोंड करून बराच वेळ उभी होती.

“काय करतेस, ममाँ?”

“कवळी घासतेय. नीट बसत नाही हल्ली. थंडीत हिरड्या आकसतात.”

“ऑगस्टात?”

“तू अजून डॉक्टर झाली नाहीस,” फर्नांद म्हणाली. पाठ तशीच.

सोलांजने उन्हाळाभर शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात काम केलं होतं. डॉक्टरांच्या बाजूला उभं राहायचं, दिवा धरायचा, बघायचं. एकदा एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याच्या जिभेखाली डॉक्टरांनी तिला काहीतरी दाखवलं आणि बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तिला साधी समजायचं नाही. तेव्हापासून ती घरी गेली की आईच्या जेवण्याकडेच बघत असे. आई डाव्या बाजूनेच चावत होती. आठवून पाहिलं, तर वसंतापासून.

“मला बघू दे. एकदाच.”

“नाही.”

“ममाँ—”

“तुझी पदवी झाली की दाखवीन. शब्द देते. त्याच्या आधी नाही.” मग आई वळली, ओले हात पुसत. “आत्ता दाखवलं आणि काही निघालं, तर पुस्तकं गुंडाळून माझ्या उशाशी येऊन बसशील. मी ओळखत नाही तुला?”

कवळीशिवाय आईचं तोंड घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. अठराव्या वर्षी शाळा संपली, तेव्हा तिच्या बापाने तिला बक्षीस दिलं होतं: गावात नेऊन एका दुपारी सगळे दात काढून घेतले आणि नवी कोरी कवळी बसवली. त्या काळी या खोऱ्यात पुष्कळ मुलींना असंच मिळे. लग्नानंतर नवऱ्याला दातांचा खर्च नको, आणि फोटोत हसणं छान दिसावं. फर्नांदचे बहुतेक दात चांगले होते. हे तिने मुलीला एकदाच सांगितलं होतं, बटाटे सोलताना, हसत. सोलांज तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. त्या रात्री तिने आपले दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले. दातांचं काहीतरी शिकायचं, हे बहुधा तेव्हाच ठरलं.

ऑक्टोबरात बटाट्याची काढणी ऐन भरात असताना ती पुन्हा घरी आली. फर्नांद दिवसभर काढणीच्या यंत्रावर उभी राहून सरकत्या पट्ट्यावरचे दगड वेचत असे. तिचा भाऊ अल्सीद ट्रक चालवत असे. रविवारी तिघं जेवायला बसली. बकव्हीटच्या पिठाची पिवळी जाळीदार धिरडी, त्यावर लोणी आणि काकवी.

“फर्नांद, तू बारीक झालीस, की मीच फुगलो?” अल्सीद म्हणाला.

“तू जन्मतःच फुगलेला होतास. आईला विचारायला हवं होतंस.”

“आणि ही बघ, आमची डॉक्टरीण. माझ्या दाढेचं काय करशील गं?”

“उपटीन, मामा. भूल न देता.”

अल्सीद पोट धरून हसला. फर्नांदही हसली, ओठ मिटूनच. तिने धिरड्याचा तुकडा चहात बुडवून मऊ केला, तोंडात टाकला, चावलाच नाही, गिळला. मग रुमाल ओठांना लावला आणि घाईने मुठीत घेतला. पण सोलांजने पाहिलं. गुलाबी डाग. भांडी उचलताना ती आईच्या जवळून गेली, तेव्हा एक वासही आला, आणि तो वास तिला माहीत होता. उन्हाळ्यात त्या लाकूडतोड्याच्या तोंडावर वाकली होती तेव्हाचा.

तिने बशा मोरीत ठेवल्या आणि नळ मोठा सोडला.

परतताना नदीकाठच्या रस्त्याने गाडी चालवत ती मोठमोठ्याने अमिनो आम्लांची नावं म्हणत होती. परीक्षा मंगळवारी. ग्लायसिन, ॲलानिन, व्हॅलिन. डिसेंबर किती लांब आहे? व्हॅलिन, ल्यूसिन. तोवर ते पसरलं तर? आणि तिथे काहीच नसलं तर? कवळी रुतून झालेली साधी जखम असली, आणि आपणच तीन वर्षांचं जुळवलेलं मोडून बसलो तर? पुढचं नाव तिला आठवेना. तिने गाडी कडेला घेतली.

पदवी जवळ आणून भागणार नव्हतं. आईचा शब्द पदवीला बांधलेला होता.

मंगळवारी परीक्षेच्या वेळी ती कॉलेजच्या कचेरीत उभी होती. बायोकेमिस्ट्री सोडायला एक सही पुरली. बातमी हॅस्केल यांना लगेच कळली. जिन्यात गाठ पडल्यावर ते म्हणाले, “सोलांज, हे परत फिरवता येत नाही. तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल?”

“तिला कळावं म्हणूनच.”

त्यांना त्यातलं काही समजलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता, शेतावर काम बंद. फर्नांद स्वयंपाकघरात होती. मुलगी आठवड्याच्या मध्येच दारात पाहून तिने हातातली किटली खाली ठेवली.

“कुणी गेलं का?”

“नाही. ममाँ, मी बायोकेमिस्ट्री सोडली.”

“म्हणजे?”

“म्हणजे डिसेंबरात पदवी नाही. मेमध्येही नाही. तो विषय आता पुढच्याच्या पुढच्या वर्षी. अर्जही मागे घ्यावा लागेल. तू पदवीपर्यंत थांबणार होतीस ना? थांब मग दोन वर्षं.”

फर्नांद खुर्चीवर बसली. मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथे खोटं शोधत होती, आणि ते सापडेना.

“अगं ए वेडे,” ती शेवटी म्हणाली. “मी एवढे दिवस कशासाठी तोंड दाबून बसले होते?”

“माहीत आहे.”

“माहीत असून?”

“माहीत आहे म्हणूनच.”

मग फर्नांद उठली, आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा केस विंचरलेले होते. खुर्ची ओढून तिने खिडकीसमोर घेतली, उजेडाकडे तोंड करून बसली.

“तुझ्या बापानेसुद्धा पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

गाल आत गेले. हनुवटी वर आली. अठ्ठावन्न वर्षांच्या आईच्या जागी कुणी फार म्हातारी बाई बसली होती. डोळे तेवढे आईचे. सोलांजने हात धुतले होते, फोनचा दिवा लावला होता. तिने आईची हनुवटी धरली.

उजवीकडे, जिभेच्या कडेशी. पांढरं, मध्ये लाल, कडा वर आलेल्या. बोटाला टणक लागलं. बघून झाल्यावरही ती बघत राहिली, कारण दिवा खाली घेतला की बोलावं लागणार होतं.

“बोल,” आई म्हणाली. शब्दात नुसती हवा होती.

“दुखतं का इथे?”

“छे. अजिबात नाही. कवळीच तेवढी अडते.”

दुखतं म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं; साधी जखम दुखते. सोलांजने दिवा बंद केला. “दवाखान्यात विचारून ठेवलंय. आत्ता गेलो तर घेतील.”

फर्नांदने कवळीकडे हात नेला.

“ती नको घालूस, ममाँ. तिथेच घासते ती.”

“अशी? बाहेर?”

सोलांजने धुतलेला रुमाल पुढे धरला. फर्नांदने तो घेतला. मग कवळी स्वच्छ धुतली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि चर्चला जायचा कोट अंगात घातला.

दोघी अंगणात आल्या, तेवढ्यात अल्सीदचा ट्रक फाटकापाशी थांबला. इंजिन धडधडत होतं. त्याने काच खाली केली.

“काय गं, पावसात कुठे निघाली स्वारी?”

फर्नांदचा हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला.

“पोरीबरोबर चाललेय,” ती म्हणाली, प्रत्येक शब्द सावकाश, जमेल तितका स्पष्ट. “तोंड दाखवायला.”

अल्सीदने इंजिन बंद केलं.