आवाजाचा पंप

नातीचं, आरोहीचं, बारसं झालं त्या साली, म्हणजे दोन हजार पाचच्या चैत्रात, सयाजी ओतूरला गोरखच्या दुकानात फरशीवर उकिडवा बसला आणि चालत्या पंपावर तळहात ठेवून त्यानं डोळे मिटले. पंपाची एक नळी बादलीत होती. दुसऱ्या नळीतून त्याच बादलीत पाणी पडत होतं.

"बाबा, ताप बघताय का त्याचा?" गोरख हसला.

"चालू हाये का बंद, तेच कळंना म्हणून हात लावला. आवाजच नाय याला."

"तेच तर! पुण्यातली गिऱ्हाइकं हाच मागत्यात. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येत नाय."

सयाजीनं पंप बंद केला. तीस वर्षं विहिरीवरच्या मोटरा चालवलेला माणूस. बोरीच्या मळ्यात पाच एचपीची मोटर चालू असली की बांधावर बसून तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, पाणी तळाला गेलं, मोटरनं हवा धरली, पाइप कुठंतरी फुटला. घरातल्या पंपाचं मात्र त्याला काही उमगत नव्हतं. येताना त्यानं एक एचपीचा मोठा घ्यायचं ठरवलं होतं. गोरखनं ते आल्या आल्याच हाणून पाडलं.

"म्हातारीला आंघोळ करायचीये का ऊस भिजवायचाय? शॉवरची जाळी उडंल, राव!"

गेल्या दिवाळीत सयाजीच्या बायकोच्या, प्रयागबाईच्या, अंगावरून वारं गेलं आणि तिची उजवी बाजू लुळी पडली. आधी सून आरती तिला आंघोळ घालायची. आरतीला दिवस भरत आले, वाकणं जमेना, तेव्हापासून सयाजी घालू लागला. पन्नास वर्षांचा संसार, पण तो तांब्या घेऊन आत शिरला की ती ओलं लुगडं मुठीत गच्च धरून भिंतीकडे तोंड फिरवायची. एकदा म्हणाली, "अवो, मी काय भांडं हाये का, घासून पालथं घालायला?" त्यानंतर ती चार-चार दिवस आंघोळच टाळू लागली. एक हात धड होता. त्यात तांब्या धरला तर अंग चोळायला हात उरत नव्हता.

मुलानं, ऋषीनं, नव्या स्लॅबच्या घरात शॉवर बसवला होता. खाली प्लास्टिकची खुर्चीही ठेवली होती. पण टाकी जेमतेम डोक्यावर, त्यामुळे पाणी यायचं ते थेंब थेंब, पन्हळ गळावी तसं. पंपाचं निघालं तेव्हा ऋषी चाकणहून फोनवर म्हणाला, "पंप लावा, पण आईला आतून कडी लावू देऊ नका. पडली बिडली तर?"

प्रयागबाईनं ते ऐकलं. "कडी नसंल तर मला तुमचा पंपबी नको," ती म्हणाली.

सयाजीला दोघांचंही पटलं होतं.

"दुसरा दाव," तो आता गोरखला म्हणाला.

"दुसरा हाये. नळ सोडला की आपोआप चालू, नळ फिरवला की बंद. पण बोंबलतो लई. मागनं माझ्या नावानं ओरडू नका."

गोरखनं तो सुरू केला. बादलीसकट फरशी घुमली. सयाजी उठला, दुकानाबाहेर पडला, रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"बंद कर!" तो तिथून ओरडला. थोड्या वेळानं, "आता चालू कर!"

परत येऊन त्यानं धोतराला हात पुसले. "हाच बांध. आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येतो."

"आजवर लोक आवाज नको म्हणून भांडली. तुमी पहिलंच!"

दुसऱ्या दिवशी पंप बसला. प्रयागबाई भिंत धरत धरत आत गेली. कडी वाजली आणि मागोमाग पंप घुमला.

"मामा, पोरगी उठंल की हो!" आरती म्हणाली.

"उठू दे."

सयाजी ओट्यावर बसला. मधेच आवाज थांबला. तो झटक्यात उठला, आधी दिव्याकडे पाहिलं. वीज होती. गुडघे धरत तो दारापाशी गेला.

"अगं?"

"साबण लावतेय. मेले नाय."

पंप पुन्हा घुमला. पुन्हा थांबला. सयाजी पुन्हा दारापाशी. असं तीन वेळा झालं. शेवटी कडी निघाली आणि प्रयागबाई बाहेर आली. लुगडं एका हातानं गुंडाळलेलं, वाकडंतिकडं. केसांतून पाणी गळत होतं. आरशापुढे बसून तिनं डाव्या हातानं कुंकू लावलं. तेही तिरकंच. ती बराच वेळ आरशात बघत राहिली.

"गुडघं दुखत्यात तुमचं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आन् धा येळा उठताय."

"मोकळाच असतो की मी."

तिसऱ्या दिवशीही तो तसाच उठत राहिला. चौथ्या दिवसापासून मात्र आवाज तुटेनासा झाला. कडी लागल्यापासून निघेपर्यंत पंप एका लयीत चालायचा. तांदळाचं धुवण कढीपत्त्याच्या झाडाला घालणारी बाई ती, पण अर्धी टाकी रिकामी व्हायची.

"मामा, आत्यांना सांगा ना," आरती एकदा म्हणाली, "साबण लावताना तरी नळ बंद करा म्हणावं. नुसतं पाणी वाहतंय."

सयाजी तंबाखू मळत होता. त्याचा हात थांबला. तो पंपाचा आवाज ऐकत राहिला.

"वाहू दे," तो म्हणाला. "टाकी मी भरीन."

त्या दिवसापासून तो दारापाशी गेला नाही. आंघोळ उरकली की मोटर चालू करून टाकी काठोकाठ भरून ठेवायचा.

तीन वर्षांनी एका सकाळी पंप मधेच थांबला. आरती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच ती दाराकडे धावली.

"आत्या! बऱ्या आहात ना?"

"बरी हाये की," आतून प्रयागबाई म्हणाली. "साबण लावतेय. आता उगा कशाला पाणी सांडायचं?"

सयाजी पंधरा दिवसांपूर्वी वारला होता. दोन हजार आठच्या माघात, वद्य पंचमीला.