बाबांचे चौतीस ठोके

विज्ञानाच्या बाईंच्या वर्गात बावीस वर्षांत एकही प्रयोग चुकला नव्हता. चुकणार कसा? उत्तर आधी फळ्यावर पडायचं, प्रयोग मागाहून व्हायचा. लिटमसचा कागद लाल झाला नाही, तरी वहीत तो लाल व्हायचाच. तपासणीला येणारे साहेब त्या प्रयोगवह्या बघून माना डोलवायचे आणि बाईंची छाती फुगायची.

सातवीला हृदय शिकवताना त्यांनी गृहपाठ दिला, घरातल्या प्रत्येकाची नाडी मिनिटभर मोजून आणा. आणि सवयीनं फळ्यावर लिहून टाकलं, ‘नाडीचे ठोके मिनिटाला ७२’. झालं! दुसऱ्या दिवशी आजीचे बहात्तर, मामाचे बहात्तर, एका पोराच्या पंधरा दिवसांच्या भावाचेही बहात्तर. तान्ह्या बाळाचं काळीज जवळजवळ दुप्पट धडधडतं, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लाल पेन एकदा धावायला लागलं की डोकं कशाला मध्ये येतंय!

पेन अडलं ते वेल्डरच्या मुलीच्या वहीवर. आई ७८. मी ८८. बाबा ३४.

“चौतीस? बाप आहे का बेडूक तुझा?”

वर्ग खो खो हसला. मुलगी हसली नाही. ती हळूच म्हणाली, “तीनदा मोजले, बाई. त्यांना जिना चढताना चक्कर येते. ते म्हणाले, बाईंना विचारून ये, दवाखान्यात जायला हवं का.”

“अगं, अर्ध्या मिनिटातच थांबलीस तू. चौतीस दुणे अडुसष्ट. म्हणजे आलेच की बहात्तरच्या आसपास! दवाखाना कसला, आधी घड्याळ बघायला शीक. जा, परत मोजून आण.”

दुसऱ्या दिवशी तिनं बहात्तर आणले. बाईंनी बरोबरची खूण केली आणि शेजारी ‘छान’ असं लिहिलं.

पाचव्या दिवशी वेल्डर कारखान्यात शिडीवरून कोसळला. पडून गेला, असं सगळे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, काळीज आधी थांबलं, पडला तो नंतर.

बाई भेटायला गेल्या. पुढची लहानशी खोली, खुंटीवर वेल्डिंगचा काळा मुखवटा, खाली खाट. मुलीची आई रडत नव्हती, हेच बाईंना सोसवेना.

“काळीज फार मंद चालत होतं म्हणे,” ती म्हणाली. “छातीत एवढंसं यंत्र बसवतात, माणूस वीस-वीस वर्षं काढतो. मी मागेच लागले होते हो, दाखवून या म्हणून. तर हे वही पुढे करायचे. बाईंनी तपासलंय म्हणायचे, डॉक्टर आणखी काय वेगळं सांगणार?”

वही अजून उशाशीच होती.

आई पाणी आणायला आत गेली, तशी मुलगी बाईंजवळ सरकली. “बाई, आईला सांगू नका हं. दुसऱ्या खेपेला मी मोजलेच नव्हते. सगळ्यांचे होते तेच लिहिले. मोजले असते तर बाबा...”

बाई नुसत्या गप्प बसल्या असत्या, तरी चाललं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पोर मात्र जन्मभर स्वतःला कुरतडत बसली असती.

“परत मोजायची गरजच नव्हती,” बाई म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, “तू पहिल्यांदाच बरोबर मोजले होतेस. चौतीसच होते. मी ते खोटे ठरवले. चूक माझी आहे, तुझी नाही.”

आई पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिनं बाईंकडे पाहिलं, मग उशाशी पडलेल्या वहीकडे पाहिलं. आणि पेला तसाच घेऊन ती आत निघून गेली.