कप्तानाने नेलेला माझा चिमटा

मित्रांनो, मी एक जुनी, डोंगर चढणारी सायकल आहे आणि मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सुरू केली की तुम्हाला वाटते, आता ही कोपऱ्यातून उसासे टाकणार आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करणार. मी तसले काही करणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेल्या धातूचा वास आणि अंगावर पडलेला हिरव्या रंगाचा गार फवारा, एवढेच त्यातले आठवते. दुकानात पोहोचले तेव्हा माझ्या अंगावर एक लांब ओरखडा होता, म्हणून माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते. मग एका संध्याकाळी चष्मेवाले आले. त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. भिंगे घासून घासून त्यांच्या बोटांची टोके गुळगुळीत झाली होती. त्यांनी आपला चष्मा कपाळावर सरकवला, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि दुकानदाराला म्हणाले, "पहिला ओरखडा तुम्हीच काढून ठेवलात, बरं झालं. आता निर्धास्त चालवता येईल." मी त्याच क्षणी त्यांची झाले.

दर रविवारी सकाळी ते मला डोंगरात नेत. बरोबर तीन मित्र असत. बेकरीवाला भट्टीपाशी जागरण करून यायचा, त्यामुळे चढावर सुद्धा जांभया द्यायचा. गणिताच्या बाई प्रत्येक वळण आधी डोळ्यांनी मोजायच्या आणि मगच ब्रेक सोडायच्या. तिसऱ्याला सगळे कप्तान म्हणायचे. त्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. शिकाऊ लोकांवर दिवसभर ओरडून त्याचा आवाज एवढा मोठा झाला होता की डोंगरात तो "डावीकडे!" म्हणाला की समोरच्या शेळ्यासुद्धा डावीकडे व्हायच्या. सगळ्यांसाठी केळी तोच आणायचा. खोटे कशाला बोलू, तेव्हा तो मला आवडायचा.

हंगामाच्या शेवटी हे चौघे गमतीची शर्यत लावत. आधी मोठा उतार, मग ओढा, मग पलीकडची टेकडी. टेकडीवर पाण्याची जुनी टाकी होती. तिला जो पहिला हात लावेल तो जिंकला. जिंकणाऱ्याने हरलेल्यांपैकी कुणाच्याही सायकलीचा एक भाग काढून न्यायचा, तोही तिथल्या तिथे. "घरी देतो, उद्या देतो, चालणार नाही. नियम म्हणजे नियम," असे कप्तानानेच ठरवून टाकले होते. पण खेळ सगळा थट्टेचा. बाईंनी एकदा बेकरीवाल्याची घंटी नेली. चष्मेवाल्यांनी एका वर्षी कप्तानाच्या चाकात हवा भरायच्या तोंडावरचे इवलेसे टोपण नेले आणि वर्षभर शर्टाच्या खिशात बाळगले. कप्तान भेटला की ते टोपण दोन बोटांत धरून त्याला दाखवायचे. कप्तान दातओठ खायचा आणि मग स्वतःच हसत सुटायचा.

पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जे दोन पाय असतात, त्यांना चिमटा म्हणतात. माझा मूळचा चिमटा साधा आणि ताठ होता. दगडावर आदळले की तो दणका सरळ चालवणाऱ्याच्या मनगटात जायचा. चष्मेवाल्यांचे सगळे पोट त्या मनगटांवर. म्हणून त्यांनी माझ्यासाठी शॉकचा चिमटा आणला. त्यात चालवणाऱ्याच्या वजनाला बेताची हवा भरावी लागते. चष्मेवाले अगदी पाप्याचे पितर. ते थोडी हवा भरायचे, माझ्यावर बसून पाहायचे, उतरायचे, थोडी सोडायचे, पुन्हा बसायचे. त्यांची बायको दारातून म्हणायची, "अहो, सायकल आहे की पाळणा?" लेक तेव्हा दुसऱ्या गावी नोकरी करायची. ती सुट्टीला आली की तिलाही ते हाताने दाबून दाखवायचे. "बघ, कसा दबतो आणि कसा वर येतो. तक्रार नाही काही नाही."

त्यांच्या शेवटच्या शर्यतीत आम्ही सगळ्यांत पुढे होतो. ओढ्यापाशी मागून हाक आली, "अरे चष्म्या, पंक्चर झालं रे! ट्यूब आहे का तुझ्याकडे?" चष्मेवाले थांबले. आपली ट्यूब काढून दिली, कप्तानाचे चाक मांडीवर घेतले, पंप मारून दिला. चाक बसताच कप्तानाने सायकलीवर टांग टाकली. "ये रे मागून!" म्हणाला आणि सुटला. चष्मेवाले पंपाची नळी गुंडाळत तिथेच बसलेले. बाई गेल्या, बेकरीवाला गेला. आम्ही टाकीपाशी शेवटी पोहोचलो.

"चष्म्याचा चिमटा माझा!" कप्तान ओरडला.

"ने की," चष्मेवाले म्हणाले, "फक्त मला खांद्यावर बसवून घरी सोड."

सगळे पोट धरधरून हसले. नेले कुणी काहीच नाही. घरी जेवताना चष्मेवाल्यांनी हा सगळा किस्सा रंगवून सांगितला आणि पुन्हा हसले. सुट्टीला आलेली लेक मात्र म्हणाली, "बाबा, त्यांनी तुम्हाला फसवलं." ते म्हणाले, "अगं, ट्यूब होती माझ्याकडे."

नंतर ते आजारी पडले. मला भिंतीशी टेकवून ठेवले होते, तिथून त्यांची खोकल्याची उबळ ऐकू यायची. मग एके दिवशी ती ऐकू येईनाशी झाली.

घरी येणाऱ्या माणसांची रीघ ओसरली, तेव्हा एका दुपारी कप्तान आला. लेक नोकरी सोडून घरी आली होती आणि त्या वेळी दुकानात होती.

"वहिनी, त्याची सायकल जरा बघतो," तो म्हणाला.

लेकीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. "बघा ना भावजी. ते गेल्यापासून कुणी हातच लावला नाही तिला."

त्याने खिशातून नट खोलायचे पाने काढले. "जरा धरता का? पडायला नको."

मित्रांनो, आईने मला धरले. हँडलच्या रबरावर चष्मेवाल्यांच्या बोटांचे खळगे पडले होते, नेमके तिथेच तिने आपले हात ठेवले. तिला वाटले, हा माझी दुरुस्ती करतो आहे. त्याने चाक काढले, ब्रेक सोडवला, हँडल सैल केले आणि माझा चिमटा माझ्यातून ओढून काढला. मग मला नाकावर पालथी करून गोणपाटावर टेकवले.

"शर्यतीत जिंकला होता मी. आमचा नियमच आहे तसा," तो म्हणाला. "त्याची आठवण म्हणून राहील माझ्याजवळ."

आई "बरं" म्हणाली. दुसरे काय म्हणणार? चिमट्याला तेल होते, त्याचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून तिने गुंडाळायला जुने वर्तमानपत्र आणून दिले.

त्या दुपारी मी डूख धरला.

संध्याकाळी लेक आली आणि दारातच थबकली. "आई, हे काय?"

"कप्तान भावजी आले होते. म्हणाले, नियम आहे."

"आणि तू नेऊ दिलास?"

"मीच धरून ठेवली होती गं तिला."

लेक रडली नाही. तिने माळ्यावरून माझा जुना, ताठ चिमटा शोधून काढला. चष्मेवाल्यांनी तो फडक्यात बांधून ठेवला होता. तिला काम येत नव्हते. आधी चाक वाकडे बसले, मग ब्रेक घासू लागला. बोटे सोलवटून घेत घेत तिने ते जमवले आणि पहिल्याच रविवारी मला डोंगरात काढले, पण एकटीने, उलट्या बाजूने, त्या तिघांची गाठ पडणार नाही अशा वाटेने. चष्मेवाले चढावर माझ्याशी गप्पा मारायचे. ही दात आवळून चालवायची. दगडांचे दणके तिच्या मनगटात जायचे, घरी येऊन ती हात गरम पाण्यात बुडवून बसायची. पुढच्या रविवारी पुन्हा निघायची. मला हे फार पसंत होते.

हंगाम संपत आला आणि शर्यतीच्या सकाळी आम्ही नेहमीच्या फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो. बाईंनी लेकीला जवळ घेतले. बेकरीवाल्याची जांभई अर्धवट राहिली. कप्तान केळी वाटत होता.

"वा! बापाची जागा घेतलीस! पण जरा जपून हं, तुझ्या सायकलीला पुढे शॉक नाही." असे म्हणून त्याने आपल्या सायकलीचा चिमटा थोपटला. माझा चिमटा. त्यावर चिखलाचे सुकलेले थर होते.

"काका, नियम तेच ना?" लेकीने विचारले.

"नियम म्हणजे नियम!"

बेकरीवाला आणि बाई आपापल्या बुटांकडे बघत राहिले. वर्षभर ते तसेच बघत आले असणार. त्यांचेही मी विसरलेले नाही.

सुटलो. उतारावर कप्तान पुढे, आम्ही त्याच्या मागे. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्या चिमट्यात हवा अजून चष्मेवाल्यांच्या वजनाचीच आहे. कप्तान त्यांच्या दीडपट. वर्षभरात त्याने पंप लावून पाहिलाच नव्हता. प्रत्येक खड्ड्यात त्याच्या सायकलीचे नाक खाली बसत होते आणि वर यायला वेळ घेत होते. ओढ्यात ते असे बसले की उठलेच नाही. चाक दगडांत रुतले आणि कप्तान धपकन पाण्यात बसला. लागले काही नाही, पण चेन उतरून अडकली.

आम्ही शेजारून पाणी ओलांडत होतो.

"अगं थांब! चेन अडकलीय, जरा हात लाव!"

लेकीचे पाय पेडलवर थांबले. तिचे बाबा थांबले असते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. मला तोंड नाही, पण वेग होता, आणि तो मी धरून ठेवला. पलीकडच्या काठावर चाक लागले तेव्हा तिने एकदा मान वळवली. मग पेडलवर उभी राहिली आणि टेकडी चढू लागली. टाकीला हात लावेपर्यंत तिने मागे पाहिले नाही.

बाई आल्या, बेकरीवाला आला. कप्तान शेवटी आला, बुटांतून पाणी गळत.

"जिंकलीस बाई! बोल, काय नेणार? घंटी? टोपण?"

"चिमटा."

तो हसला. बरोबर कुणी हसले नाही, तेव्हा थांबला. "अगं, मग मी घरी कसा जाणार?"

"चालत."

"घरी गेल्यावर माझ्या हातानं काढून देतो ना."

"घरी देतो, उद्या देतो, चालत नाही, काका." तिने खिशातून पाने काढले. "जरा धरता का? पडायला नको."

आईने तिला शब्दन् शब्द सांगितलेला असणार. कप्तानाचे कान लाल झाले. त्याने बेकरीवाल्याकडे पाहिले. बेकरीवाला म्हणाला, "धर की. वहिनींनी नव्हती का धरली?" मग कप्तानाने आपली सायकल दोन्ही हातांनी धरली आणि लेक तिचे पुढचे पाय शांतपणे काढू लागली.

"मी आठवण म्हणून नेला होता गं. खरंच," तो हळू म्हणाला. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकले नव्हते.

"कधी पुसला होतात?"



परतीच्या वाटेवर तो चालत होता, खांद्यावर सायकलीचा सांगाडा, हातात सुटे चाक. लेकीने चिमटा पाठीला बांधला आणि माझ्यावर बसून त्याच्या मागे मागे निघाली. सायकल नुसती घरंगळत सोडली की मागच्या चाकातून टिकटिक येते. ती टिकटिक मी त्याच्या पाठीमागे संपूर्ण उतारभर केली.

"तू जा ना पुढे," तो वैतागून म्हणाला.

"मागेच बरी आहे मी."

असा आनंद मला कुठलाही डोंगर चढून झाला नव्हता. मी तो लपवणार नाही.

घरी अंगणात लेकीने ताठ चिमटा काढला आणि माझा चिमटा माझ्यात सरकवला. तो आत गेला, पण वर आलाच नाही. चिमट्याची नळी वर निघते आणि हँडल तिला पकडते; आता पकडायला नळीच उरली नव्हती. कप्तानाची सायकल बुटकी. तिच्यात बसावा म्हणून त्याने नळी वरून दोन बोटे करवतीने कापून टाकली होती. लेकीने पुन्हा घालून पाहिला, पुन्हा काढला.

"बसत नाही?" आईने विचारले.

"कापलाय त्यांनी."

मग लेक माझ्या सीटवर डोके टेकून रडली. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. आईने चिमटा मांडीवर घेतला आणि पदराने त्यावरचा चिखल खरवडू लागली. थर निघत गेले, खालून चकचकीत नळी दिसू लागली. शेवटी लेकीने नाक पुसले, ताठ चिमटा परत बसवला आणि माझ्या चेनला तेल घालायला बसली.

"आता कशाला?" आई म्हणाली. "जिंकलीस ना?"

"पुढच्या हंगामात त्यांचं हँडल आणणार आहे."

आईचा हात जरासा थांबला. "हँडल नको," ती म्हणाली. "सीट आण. उभ्यानं जाऊ दे घरापर्यंत."

मित्रांनो, सायकलीला तेल द्या, चाकांत हवा ठेवा, तिला ओलीत सोडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगते. ज्या घरातून माणूस नुकतेच गेले आहे, तिथे रिकाम्या हाताने जा आणि रिकाम्या हातानेच परत या.