दहा मिनिटं पुढं

फाट्यावर माझ्या भावानं, नवनाथनं, पिकअप थांबवली आणि विचारलं, "ताई, वर का खाली?"

आई माझ्या मांडीवर रेलली होती. गुरांसाठी कडवळ कापताना तिच्या पायाला नाग चावला त्याला वीस मिनिटं झाली होती. वर डोंगरातलं आमचं आरोग्य केंद्र, पंधरा मिनिटांवर. खाली मोठा दवाखाना, पाऊण तास. मी मोबाईल उघडला. वरच्या केंद्रात सापाच्या इंजेक्शनच्या आठ कुप्या, खाली चाळीस.

आईच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. तरी ती नवनाथला म्हणाली, "तिच्या मोबाईलला कळतंय समदं. ती म्हणंल तिकडं घे."

"वर," मी म्हणाले.

मोबाईलवरचं ते ॲप मीच केलं होतं. पुण्याची नोकरी धारूरजवळच्या वस्तीवर बसून करायची आणि उरलेल्या वेळात एका संस्थेचं हे काम. कुठल्या केंद्रात किती कुप्या शिल्लक आहेत ते कुणालाही दिसावं, बस. मधे सर्व्हर ठेवलाच नाही. तो सांभाळायला संस्थेकडे माणूस नव्हता, आणि खरं सांगायचं तर मधे कुणी लुडबुड केलेली मला कशातच खपत नाही. इंटरनेटवर एक सामायिक साठा. त्यात प्रत्येक केंद्राच्या नावाचा एक खण, खणात एक आकडा. प्रत्येकाचा फोन थेट खण उघडणार, आकडा वाचणार, नवा आकडा ठेवणार. दोघांनी एकाच खणात लिहिलं तर ज्या नोंदीवरची वेळ नंतरची, ती खरी. दुसरी मुकाट्यानं बाजूला पडते. वेळ फोनच्या घड्याळाची, कारण डोंगरात रेंज नसली की नोंद तास तास फोनमध्येच अडकून राहते.

पुण्याच्या एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, "एखाद्या फोनचं घड्याळच चुकलेलं असलं तर?" मी त्याला हसले होते. फोनची घड्याळं चुकायचे दिवस गेले, आता तू काहीतरी नवीन शोध, असं म्हणाले होते. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे.

वरच्या केंद्रात औषधं देणारा सटवा दारातच उभा होता. मी आठ कुप्यांचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"ताई, एक बी न्हाई हो. चार वाजता पलीकडच्या वाडीचा मानूस आनला, त्याला आठी बी लागल्या. मी तर कुप्या काढताच शून्य टाकलं की मोबाईलवर!"

डॉक्टरांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं आणि आईला खालच्या दवाखान्यासाठी रुग्णवाहिकेत घातलं. तोच फाटा पुन्हा आला. तो ओलांडून थोडं खाली गेलो आणि आईचा श्वास थांबला. तिचा हात माझ्या हातात होता, दुसऱ्या हातात मोबाईल. त्यात अजून आठच दिसत होते.

गावात कुणी मला बोल लावला नाही. औषधच संपलेलं, पोरगी काय करणार, असं म्हणत बायका माझ्यासमोर चहा ठेवायच्या. मी आतल्या खोलीत साठ्याच्या नोंदी उघडून बसले. बाजूला पडलेल्या नोंदीही तिथं राहतात. सटवाचं शून्य होतं, चार वाजून सहा मिनिटांचं. आणि त्यानंतर, चार वाजून दहा मिनिटांनी, केंद्रातल्या नर्स कौशल्याबाईंनी लिहिलं होतं, आठ.

म्हणजे कुप्या संपल्यावर बाईनं आठ लिहिले होते. फ्रिज न उघडता, घरी जायच्या घाईत. खोटं बोलणार नाही, मला बरं वाटलं. रागावायला एक माणूस मिळाला होता. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तेराव्याला कौशल्याबाई आल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या. पंगत उठेपर्यंत मी धीर धरला. मग त्यांना खोलीत नेलं. नोंदींचा कागद माझ्या हातात होता.

"सिस्टर, त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुठं होता?"

"चार धाला? बसमधी, ताई. माझी गाडी चार पाचची. कुप्या मोजल्या, मोबाईलवर टाकल्या आन निघाले."

"मग बसमध्ये बसून आठ कसे लिहिलेत?"

"बसमधी कावून लिहीन मी? फ्रिजपाशी हुबं राहून, मोजून लिवलं. आईची आन ताई, तवा आठ व्हत्या."

मी अजून काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पिशवीतून फोन काढून पाहिला, त्यावर पाच वाजले होते, आणि त्या घाईनं उठल्या. "आगं बाई, गाडी जाईल माझी."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. मी माझा फोन पाहिला. पाचला दहा कमी.

कागदावरचं चार दहा म्हणजे खरे चार. बाईंचे आठ आधीचे होते, सटवाचं शून्य नंतरचं. माझ्या साठ्यानं खरं शून्य जुनं समजून बाजूला टाकलं होतं.

"हे घड्याळ पुढं कुणी केलं?" मी ओरडलेच.

कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आवो, तुमीच की. ॲप शिकवाया आलतात तवा माझी गाडी चुकली. तुमी म्हनलात, द्या इकडं, धा मिनिटं पुढं करून देते, आता न्हाई चुकायची."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तवापासून एक बी गाडी चुकली न्हाई, ताई."