लवंगेच्या वासाची दाढ

धाराशिवला दातांच्या दवाखान्यात शिवम्मा बाकावर बसलेली दिसली, तशी धुरपदाबाईंनी मान फिरवली. नेमका सुजलेला गाल तिच्या बाजूला आला. त्याचा त्यांना दाढेपेक्षा जास्त राग आला.

अकरा वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. शिवम्माच्या लेकीच्या लग्नात धुरपदाबाई भर पंगतीत म्हणाल्या होत्या, असला कच्चा भात आमच्याकडं कोंबड्यांना टाकतात. भात कच्चाच होता, पण व्याह्यांनी ऐकलं. शिवम्मा पुढं दोघींचं गाव माकणी सोडून नळदुर्गला लेकाकडं गेली ती गेलीच.

त्याआधी भूकंपानंतरची दोन वर्षं दोघी पत्र्याच्या शेडात शेजारी राहिल्या होत्या. मधे एकच पत्रा. इकडून मीठ मागितलं की तिकडून वाटी यायची, आणि वाटीसोबत गावभरच्या चहाड्या.

डॉक्टरीणबाई देवश्री तुळजापूरच्या एका मास्तरांची लेक. तिचा अभ्यास चालला होता. दाढेची नस काढून मुळाची पोकळी भरायची तर मसाले दोन तऱ्हेचे: एक जुना, भुकटी कालवून केलेला, दुसरा नवा, सुईतून आयता येणारा. कुठल्यानं मागाहून कमी दुखतं हे तिला बघायचं होतं. कुणाला कुठला भरला ते ती सांगत नव्हती, पण धुरपदाबाईंच्या तोंडात लवंगेचा वास भरला आणि त्या ओळखून चुकल्या. नवा शिवम्माच्या वाट्याला गेला असणार, तिला कायम नवंच लागतं, असं त्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटल्या.

आठ दिवस रोज दुपारी फोन करीन, शून्य ते दहामधला आकडा सांगा, असं देवश्रीनं समजावलं. दहा म्हणजे बाळंतपणाएवढं का विंचवाएवढं, हे काही तिला सांगता येईना. मग धुरपदाबाईंनीच ठरवलं, शेर, मापटं, चिपटं असं सांगीन. शेराचं निम्मं मापटं आणि मापट्याचं निम्मं चिपटं, हे पोरीनं कागदाच्या कडेला लिहून घेतलं.

सांजच्याला भूल उतरली आणि दाढ ठणकायला लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"धुरपदे, तुझीबी ठणकतीया का गं?"

अकरा वर्षांनी हे पहिलं बोलणं. शिवम्मा घाबरली होती. धुरपदाबाई म्हणाल्या, शेरभर दुखतंय, पण मी तुझ्यासारखी रडत न्हाय. शिवम्मानं तिचंही शेरभरच असल्याचं सांगितलं. दाढेचं बोलणं दोन मिनिटांत सरलं आणि फोन पाऊण तास चालला.

दुसऱ्या दिवशी दोघींचं मापट्यावर आलं. शिवम्माला सगळं आठवत होतं. धुरपदाबाईंचे मालक दगडोबा धक्क्याच्या भीतीनं दोन वर्षं छताखाली निजले नव्हते, पावसातसुद्धा बाजेवर गोणपाट पांघरून पडायचे. गारा पडल्या तेव्हा पत्र्याच्या आवाजात दोघी ओरडून बोलत होत्या, आणि गारा थांबल्यावर शिवम्माची सासूवरची शिवी अख्ख्या वस्तीला ऐकू गेली होती. दगडोबा गेले, सासवा गेल्या. धुरपदाबाईंच्या घरात आता माणसं भरपूर, पण हे सांगितलं तर हसणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धुरपदाबाईंची दाढ ठणठणीत झाली. शिवम्मानं फोनवर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मापटंभर हाय अजून."

जन्मात कधी दुखलं म्हणून सांगितलं नाही अशी बाई. पण दाढ बरी म्हटली की शिवम्मा फोन कशाला करील? चौथ्या दिवशी शिवम्माचं थांबलं, तरी ती काळजीनं फोन करतच राहिली. गोष्टी जुळाव्यात म्हणून धुरपदाबाई देवश्रीलाही मापटंच सांगत होत्या. सहाव्या दिवशी त्यांनी शेर केला.

सातव्या दिवशी शिवम्मानंच देवश्रीला कळवलं, आमच्या धुरपदीला सोसवत नाही, बघा.

आठव्या दिवशी धुरपदाबाई खुर्चीत होत्या. देवश्रीनं दाढेवर ठोकून बघितलं, फोटो काढला. कुठं काही दिसेना. तरी इतकं दुखतंय म्हणजे दाढ उघडून पुन्हा भरावी लागेल, आणि जुन्या मसाल्यानं त्रास झाला असं लिहावं लागेल, असं ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

पुन्हा भरली तर आणखी आठ दिवस. धुरपदाबाईंनी खरंच हिशेब केला, तोंडसुद्धा उघडलं. मग मिटलं.

"पोरी, त्यो मसाला चांगला हाय. माझ्या नावावर खोटं लिहू नको. तिसऱ्या दिवसापास्नं काय बी दुखत न्हाय."

देवश्रीनं कारण विचारलं. तुझ्या कागदात बसंल असलं कारण न्हाय, म्हणून त्या उठल्या.

सांजच्याला त्यांनी नातसुनेकडून नंबर लावून घेतला. आठ दिवसांत पहिल्यांदाच फोन इकडून गेला होता.

"शिवम्मा, दाढ बरी हाय. तिसऱ्या दिवसापास्नंच बरी हाय."

मग शिवम्मा म्हणाली, "आन् म्या रोज देवाला दिवा लावत हुते, येडपटावानी."

"मग काय करू? तू फोन करायचीच बंद झाली असतीस."

धुरपदाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"ठिवू नको," शिवम्मा म्हणाली, "दूध उतू चाललंय, आलेच."

तिकडं पातेलं उतरवल्याचा आवाज आला, कुणावर तरी ओरडल्याचा आला. धुरपदाबाई उंबऱ्यावर टेकल्या. नातसून फोन मागायला आली, तिला त्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं.