सदतीस वेळा सापडलेला

माझा मामा शिंपी आहे. हातात शर्ट येवो नाहीतर मासा, तो आधी बटणं बघतो. कार्प जातीच्या काही माशांच्या अंगावर खवले मोजकेच असतात, पण असतात ते कोटाच्या बटणाएवढे मोठे, आणि प्रत्येक माशावर वेगळ्या जागी. हे आमच्या मंडळात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं आणि बघणं यांत अकरा वर्षांचं अंतर पडू शकतं, हे मात्र माहीत नव्हतं.

शहराच्या टोकाला एक तळं आहे. काठावर जुनं पंपघर आहे. पंप कधीच कोणीतरी काढून नेला, घर राहिलं, त्यात आमचं मंडळ भरतं. मंडळ म्हणजे दर रविवारी पहाटे येणारे सात-आठ जण, ज्यांना घरी कोणी फारसा थांबायचा आग्रह करत नाही. सेक्रेटरी पोस्टमास्तर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून समोरच्याशी खिडकीतून बोलल्यासारखे बोलतात. एक जनावरांची डॉक्टरीण आहे. एक केस कापणारा आहे, त्याला सगळे अडीच म्हणतात, कारण त्याच्या हातून सुटलेला प्रत्येक मासा अडीच किलोचा असतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर वर-खाली बघून झालं की रविवारी आडवं काहीतरी बघायला मिळावं म्हणून मामाबरोबर जातो.

मंडळाचा एक नियम कडक होता. दोन किलोच्या वरचा मासा परत पाण्यात सोडायचा. सोडायचा तोही रीतीने, आणि ती रीत मामाने घालून दिलेली. गळाच्या टोकाला जी उलटी नखी असते ती पकडीने दाबून सपाट करायची, म्हणजे गळ शिरतो तसा निघतो. फार बारीक दोरा लावून शौर्य दाखवायचं नाही. बारीक दोऱ्यावर मासा अर्धा तास झुंजतो, फोटोत आपण हसतो आणि संध्याकाळी तो उलटा तरंगतो. हात ओले केल्याशिवाय त्याला शिवायचं नाही, कारण अंगावरचा बुळबुळीतपणा हा त्याचा रेनकोट असतो. आणि जमिनीवर तर टेकवायचाच नाही. त्यासाठी मामाने जुन्या रेनकोटांची एक जाड गादी शिवली होती. ती ओली करून तिच्यावर मासा ठेवायचा. त्या गादीला आतून अस्तर आहे. मी पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हाच्या माझ्या कोटाला मामाने अस्तर लावलं नव्हतं.

फोटो काढला, वजन केलं, मासा सोडला की पोस्टमास्तर वहीत नोंद करत. इथे आमच्या हुशारीचा कळस होता. सोडलेला मासा तळ्यातच असतो, आणि तळ्यात आहे म्हणजे तो मोजलाच पाहिजे. म्हणून वर्ष संपलं तरी बेरीज पुढे चालूच. पहिल्या वर्षी तळ्यात तीन मोठे मासे होते. अकराव्या वर्षी छत्तीस झाले. हा आकडा दरवर्षी तलाव खात्याला जायचा. पंपघराच्या भिंतीवर छत्तीसच्या छत्तीस फोटो होते, अकरावा माझा. आयुष्यात माझी फ्रेम झालेली ती एकच कामगिरी.

यंदा खात्याचं पत्र आलं. आसपासच्या तळ्यांतले मासे कमी झालेत, अधिकारी येऊन पाहणी करतील. अंडी घालण्याजोगे मोठे मासे दहाच्या आत निघाले तर तीन वर्षं गळ टाकायला बंदी.

"दहा," पोस्टमास्तर म्हणाले आणि पत्राची घडी घातली. "दहा तर आपल्याकडे एका भिंतीवर आहेत."

पाहणीच्या आधीच्या रविवारी मामाला सदतिसावा लागला. मामाने दहा मिनिटांत तो काठाला आणला. मी गादी ओली केली. सहा किलोच्या आसपासचा असावा. मी वजनाचा काटा पुढे केला, तर मामा गादीपाशी गुडघ्यांवर बसून राहिलेला.

"मामा, वजन."

"थांब." त्याने माशाच्या तोंडाचा उजवा कोपरा अंगठ्याने हलकेच वर केला. "याचं काज फाटलंय बघ."

काज म्हणजे बटण जातं ते भोक. माशाच्या ओठाचं खरंच तसं झालं होतं, जुन्या शर्टाच्या सर्वांत वरच्या काजासारखं. कडा जाड, पांढरट, दोन-तीन ठिकाणी उसवून पुन्हा जुळलेल्या.

"डाव्या बाजूने फोटो काढ. आता उजव्या. सोड."

"वजन नाही करायचं?"

"त्याला त्याचं वजन माहीत आहे."

मासा गेला. मामा पंपघरात गेला, स्टुलावर चढला आणि खिशातल्या खडूने फोटोंच्या काचांवर ठिपके काढायला लागला. डाव्या बाजूला सात बटणं. चार एका ओळीत, एक खाली सरकलेलं, दोन शेपटीपाशी चिकटून, वशिल्याने भरती झालेल्यांसारखी. पहिल्या फोटोत सात. नवव्यात सात. माझ्या फोटोत सात. मी त्यात इतका खूश दिसतो की माझ्याकडे बघताना माशाकडे कोणाचं लक्षच जाऊ नये. तसंच झालं असावं. फोटोत प्रत्येक जण स्वतःलाच बघतो, आणि मासा दर वर्षी थोडा वाढत होता, त्यामुळे ओळख लागायची सोयच नव्हती. भिंतीवर छत्तीस फोटोंत एकच मासा लहानाचा मोठा होत गेला होता.

मामा स्टुलावरून उतरला. "एकच आहे," तो म्हणाला, मापं घेऊन झाल्यावर कंबर सांगावी तशा आवाजात.

त्याच दिवशी मंडळाची तातडीची सभा झाली. तातडीची म्हणजे सगळे तिथेच होते, फक्त उभे होते ते खाली बसले.

पोस्टमास्तरांनी चष्मा लावून छत्तीस फोटो तपासले. "एकवीस फोटो डाव्या बाजूचे आहेत," ते म्हणाले. "ते एका माशाचे असू शकतील. उरलेले पंधरा उजव्या बाजूचे. त्यावर पाचच खवले आहेत. म्हणजे तो दुसरा मासा."

"मास्तर, माशाला दोन बाजू असतात," डॉक्टरीण म्हणाली.

"ते तुम्ही म्हणता."

"मी जनावरांची डॉक्टर आहे."

मी फोन पुढे केला. सकाळच्याच माशाचे दोन फोटो, डावा आणि उजवा, मध्ये एका मिनिटाचं अंतर. डावीकडे सात, उजवीकडे पाच. पोस्टमास्तरांनी फोन उलटा करूनही बघितला.

"माझा वेगळा होता," अडीच म्हणाला. "माझा चिडका होता. याच्या चेहऱ्यावर शांतता आहे."

"तुझा तिसऱ्या वर्षीचा," मामा म्हणाला. "तेव्हा तो तरुण होता."

डॉक्टरणीने ओठाचा फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग ती म्हणाली, की हा ओठ आणखी चार-पाच वेळा टिकेल. त्यानंतर त्याला तळाचं नीट खाता येणार नाही. आपण सगळं नियमाने केलं, ओल्या हाताने केलं, पण छत्तीस-सदतीस वेळा केलं.

"म्हणजे आपण त्याला सोडत नव्हतो," मामा म्हणाला. "पुढच्या वेळेपर्यंत ठेवून देत होतो."

मग पोस्टमास्तरांनी वही मिटली आणि ठराव मांडला, की वहीत लिहिलेलं ते लिहिलेलं, आपण खोटं बोलणार नाही, फक्त विचारल्याशिवाय बोलणार नाही. सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामा खडूचे हात पुसत होता.

परत येताना स्कूटरवर मागे बसून त्याने मला सांगितलं, इतकं त्याला कधी मी एका दमात बोलताना ऐकलं नाही.

"सहा दिवस लोक मला एकच विचारतात, कधी देणार. मासा नाही विचारत. मला रविवार तेवढ्यासाठी लागतो. आणि तीन वर्षं म्हणजे, मी आता एकसष्टचा. डाव्या डोळ्याने सुई दिसेनाशी झालीये. उजव्यावर ओवतो. तीन वर्षांनी तळं उघडेल तेव्हा मला गळ बांधता येईल का, हे मला माहीत नाही. हे माझे शेवटचे रविवार असतील भाच्या, आणि ते मी माझ्याच तोंडाने घालवायचे."

"मग नको बोलूस."

"हं," मामा म्हणाला. सिग्नल हिरवा होईपर्यंत तो तेवढंच म्हणाला.

घरी मामीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तीन वर्षं रविवारचे हे घरात," ती मला म्हणाली. "स्थळ बघताना हे कोणी बोललं नव्हतं." मग मामाकडे वळून, "पण तुम्हाला न सांगता राहता येणार आहे का? तुम्ही गिऱ्हाइकाला त्याचं पोट सुटलंय तेसुद्धा सांगता."

पाहणी शुक्रवारी सकाळी होती. मामाने दुकान उघडलं नाही, मी सुट्टी घेतली. खात्याच्या अधिकारीबाई आल्या, तिशीच्या आतल्या, गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर पिशवी. त्यांनी पाण्याची खोली मोजली, बाटलीत पाणी भरलं, काठाची शेवाळं बघितली. मग पंपघरात येऊन वही उघडली. पोस्टमास्तर शेजारी उभे होते, मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या बापासारखे. भिंतीवरचे खडूचे ठिपके त्यांनी स्वतः पुसले होते.

"छत्तीस," बाई म्हणाल्या.

"सदतीस," पोस्टमास्तर म्हणाले. "शेवटचा चढवायचा राहिलाय." मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की कोणी विचारलं नव्हतं.

"खरं सांगू का, मला तुमच्या तळ्याचं कौतुक वाटतं," बाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "आमच्याकडे दरवर्षी बोटाएवढी पिल्लं येतात, तळ्यांत सोडायला. पहिली कोणाला द्यायची, तर जिथे मासे कमी त्यांना. तुमचा आकडा बघून आम्ही तुमचा वाटा दुसरीकडे देतो. अकरा वर्षांत तुम्हाला एकही पिल्लू द्यावं लागलं नाही."

मी पोस्टमास्तरांकडे बघितलं. ते वहीकडे बघत होते, जशी ती दुसऱ्या कोणाच्या अक्षरात असावी. अकरा वर्षं आम्ही एक मासा मोजून मोजून तळं भरलं होतं, आणि त्या भरलेल्या तळ्यात कोणी पिल्लं टाकली नव्हती.

बाईंनी सहीसाठी पेन टेकवलं.

"बाई," मामा म्हणाला, "तो एकच आहे."

"कोण?"

"मासा."

"कुठला?"

"सगळे."

बाईंनी पेन उचललं. मामाने भिंतीजवळ जाऊन एकेका फोटोवर बोट ठेवून बटणं दाखवली. सात, सात, सात, मग उजव्या बाजूची पाच. माझ्या फोटोवर तो थोडा कमी थांबला, हे त्याचं भाच्यावरचं प्रेम. सतराव्या फोटोपाशी बाई स्वतःच मोजायला लागल्या.

"सदतीस वेळा तोच?"

"हो."

"आणि दुसरा मोठा मासा एकही नाही?"

"आमच्या गळाला लागलेला नाही. आणि आम्ही अकरा वर्षं दुसरं काही केलेलं नाही."

अडीचने घसा खाकरला. "माझा एक सुटला होता," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तोही हाच असेल," त्याने आवाज खाली आणून सांगितलं. मंडळाच्या इतिहासात अडीचने मासा मागे घेतल्याची ही एकच वेळ.

बाईंनी नवा कागद काढला. मोठे मासे, एक. गळ टाकायला बंदी, तीन वर्षं, सोमवारपासून. पिल्लांसाठी नाव पहिल्या यादीत. मग त्या मामाला म्हणाल्या, की हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.

"मला कळलं असतं," मामा म्हणाला. मग जरा थांबून, "पिल्लं कधी येतात?"

"दोन महिन्यांनी."

"जगतात किती?"

"शंभरात पाच-सहा."

"वाईट नाही," मामा म्हणाला, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. पोस्टमास्तर त्याच्याशी बोलले नाहीत. अडीचही बोलला नाही, पण जाताना त्याने स्वतःचा फोटो काढून न नेता सरळ करून ठेवला. डॉक्टरीण मामाशेजारी येऊन बसली. तिने मामाला डोळा दाखवायला सांगितला, मामाने दाखवला. ती म्हणाली की मी गाई-म्हशींचे बघते, पण याला माणसाच्या डॉक्टरकडे ने, हे मोतीबिंदूसारखं दिसतंय, आणि तसं असेल तर निघतं. हे ती मला म्हणाली, मामाला नाही.

बंदीच्या आधीचा एक रविवार शिल्लक होता. मला वाटलं मामा जाईल. कायद्याने जाता येत होतं. तो पाचला उठला, टोपी घातली आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. मामी उठून आली, त्याच्याकडे बघितलं आणि टेबलावरचं फडकं उचलून त्याला जागा करून दिली.

मी सहाला पोचलो तेव्हा टेबलावर दोरा, पकड आणि नख्या दाबलेले दहा गळ मांडलेले होते.

"आज नाही गेलास?"

"आज गेलो तर तोच लागेल," मामा म्हणाला. "बस. गाठ शिकून घे. डॉक्टर काय म्हणेल ते मंगळवारी बघू, पण एकाच्या डोळ्यांवर राहू नये."

दोरा गळाच्या भोकातून घ्यायचा, सहा वेढे द्यायचे, टोक परत खालच्या फासातून काढायचं, ओढायच्या आधी थुंकी लावायची, नाहीतर दोरा घासून जळतो. मी केलं. मामाने गळ पकडीत धरला आणि दोरा ओढला. गाठ सुटली, आणि गळ पकडीतून निसटून माझ्या चहाच्या कपात पडला.

"लिफ्टही अशाच बांधतोस?"

"लिफ्ट बांधत नाहीत, मामा."

"मग बरं आहे," तो म्हणाला आणि कपातला गळ चमच्याने काढून माझ्यापुढे ठेवला.